बुवांची कॅसेट आणि तात्यांची लय

माझे वडील तबला वाजवायचे, पण त्यांना कुणी तबलजी म्हटलेलं खपायचं नाही. “गवयाला गवईबुवा म्हणता, पेटीवाल्याला मास्तर म्हणता, मग माझ्यापाशी आल्यावरच तुमची जीभ का घसरते?” असं ते समोरच्याच्या तोंडावर विचारायचे. घरात आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. कळव्याच्या एका कारखान्यात ते फिटर होते. कोपरीत चाळीतल्या दोन खोल्यांत आमचा संसार होता: तात्या, आई, मी, शिवाय तीन तबले, दोन डग्गे आणि एक पखवाज. पाहुणे आले आणि झोपायला जागा कमी पडली तर माणसांनी पाय दुमडायचे, पखवाज जागचा हलायचा नाही. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, त्यामुळे रोज भाकरी. गुरुवारी मात्र तात्यांचं भजन असायचं आणि पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायला ओली कणीक लागायची. त्या एका गोळ्यासाठी आई गव्हाचं पीठ काढायची आणि काढलंच आहे म्हणून पोळ्या करायची. पखवाजाच्या कृपेने आठवड्यातून एकदा पोळी मिळायची, म्हणून लहानपणी मला गुरुवार आवडायचा. “आधी त्याचं पोट भरू दे, मग तुमचं,” असं म्हणत आई तो गोळा वाटीखाली झाकून ठेवायची आणि माझ्या हातावर फटका मारायची.

आमच्या घरातला मुख्य आवाज हातोडीचा. कारखान्यातून आल्यावर चहा घेऊन तात्या तबला मांडीवर घ्यायचे आणि वाद्यांखाली अडकवलेले लाकडी गठ्ठे ठोकत बसायचे. टुक, टुक, मग बोटाने एक ‘ना’, मग पुन्हा टुक. शेजारची बाई भिंतीपलीकडून ओरडायची, “सखारामभाऊ, सोनाराचं दुकान काढलंत का?” तात्या तिकडे लक्ष द्यायचे नाहीत. तबल्याच्या काठावरच्या सोळाही घरांतून एकसारखा ‘ना’ ऐकू येईपर्यंत त्यांचं समाधान व्हायचं नाही. आज ठाण्यात माझं स्वतःचं वाद्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, मोबाइल समोर धरतं आणि पडद्यावरची सुई मधोमध आली की सूर लागला म्हणतं. मी सुईकडे बघत नाही. त्याला म्हणतो, “मोबाइल खिशात ठेव आणि ऐक.” निम्मी माणसं चिडतात. चिडू देत. माझ्याशी भाव करताना ती अशीही चिडतातच.

तात्यांनी मला पहिलं वर्षभर एकच ठेका वाजवायला लावला, विलंबित एकतालाचा. सणसणीत कायदे, रेले, टाळ्या घेणाऱ्या तिहाया, यातलं काही नाही. मला बसवायचे, लय द्यायचे, आणि बादली घेऊन चाळीच्या नळावर जायचे. नळाला रांग असायची. बायकांची भांडणं व्हायची, पाणी बारीक यायचं. कधी दहा मिनिटं, कधी वीस. भरलेली बादली घेऊन तात्या दारात यायचे आणि उंबऱ्यावरच थांबून बोटांवर मात्रा मोजायचे. मी पुढे गेलेलो असलो तर म्हणायचे, “पळालास. कोण मागे लागलेलं?” मी मागे पडलो असलो तर म्हणायचे, “झोपलास.” लय जिथे ठेवून गेले तिथेच सापडली तर काहीच म्हणायचे नाहीत, बादली ठेवून तोंड धुवायला लागायचे. ते न बोलणं म्हणजे शाबासकी. हे सगळं मी मुद्दाम सांगतो आहे. ज्या माणसाने मुलाची लय नळावरच्या रांगेने मोजली, त्या माणसाला लय सांभाळता येत नाही असं छापून आलं.

कल्याणला मुकुंदबुवा म्हणून गवई होते. नाव फार दूर पोचलं नाही, पण कल्याण-डोंबिवलीत त्यांना मानणारा मोठा वर्ग होता, शिक्षक, बँकवाले, वकील. वीस वर्षं बुवांच्या मागे तबल्याला तात्याच असायचे. बुवा गेल्यावर शिष्यांनी मंडळ काढलं आणि दर पुण्यतिथीला कल्याणच्या राममंदिरात गाणं ठेवायला सुरुवात केली. तिथेही तबल्याला तात्या. त्यांची ती जागा कुणी दिलेली नव्हती, ती होतीच. मग मंडळाने ठरवलं की बुवांची एक कॅसेट काढायची. बुवांचं गाणं कंपन्यांनी कधी ध्वनिमुद्रित केलं नव्हतं. त्याच राममंदिरातल्या एका बैठकीचं जुनं टेपचं स्पूल कुणा भक्ताकडे होतं, त्यावरून कॅसेट निघाली. वरच्या कागदावर बुवांचा फोटो, आत शिष्यांची यादी, आणि अगदी खाली मुंगीच्या टाईपात ‘तबला: सखाराम’. आडनाव नाही. आई ते बघून म्हणाली, “किराणावाल्याच्या वहीत तरी पुरतं नाव असतं.”

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि ठाण्याला तलावपाळीजवळच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम शिकत होतो. आमच्याकडे टेप नव्हता. दुकानात दुरुस्त होऊन पडलेला एक टेप मालकाला विचारून घरी आणला आणि आम्ही तिघं जमिनीवर बसून कॅसेट ऐकायला लागलो. आईने त्या दिवशी खाडीची कोलंबी आणून भात-कालवण केलेलं. बुवांनी सूर लावला आणि तात्यांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांनी डाव्या हाताने काळी एकचा तबला जवळ ओढला, त्याच हाताने एक ‘ना’ वाजवला आणि माझ्याकडे बघितलं. टेपमधले बुवा अर्ध्या सुराने वर होते. पेटीच्या भाषेत सांगायचं तर बुवांची पट्टी काळी एक, आणि कॅसेटमध्ये ते शेजारच्या पांढरी दोनला गात होते. आवाज पातळ झालेला. तात्यांचा डग्गा एरवी पोटातून घुमायचा, तो इथे डब्यासारखा वाजत होता.

“बुवांनी हयातीत काळी एक सोडली नाही,” तात्या म्हणाले.

“वर गेले ना आता,” आई म्हणाली, “मग पट्टी पण वर जायचीच.”

तात्या हसले, पण जेवले नाहीत धड. मी टेप बंद केला, उघडला, मोटर तपासली. मोटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं, आत स्क्रू असतो. तो फिरवला की वेग कमीजास्त होतो. आमचा टेप ठीक होता. दुकानातल्या आणखी दोन टेपवर लावून बघितली, तीच गत. कॅसेटच जलद निघालेली होती. पट्टी चढली म्हणजे लयही चढली. बुवांचा विलंबित ख्याल विलंबित राहिलाच नव्हता, त्याला कुणीतरी मागून ढकलत असल्यासारखा तो चालला होता. तेव्हा वाटलं, झाली असेल चूक, कोण एवढं बारीक ऐकतंय.

बारीक ऐकणाऱ्याने ऐकलंच नाही, ही खरी तक्रार आहे. डोंबिवलीच्या एका साप्ताहिकात नेने सर नावाचे प्राध्यापक ध्वनिमुद्रिकांची परीक्षणं लिहायचे. संगीतातलं काही ते शिकले नव्हते, शिकवायचे अर्थशास्त्र. पण भाषा अशी गोड की वाचून माणूस दुकानात जाऊन रेकॉर्ड मागायचा. गाणाऱ्यावर ते पंचवीस ओळी लिहायचे, रागाच्या वेळेवर, चंद्रावर आणि चांदण्यावर दहा. शेवटी ‘तबला आणि पेटीची साथ समर्पक’ असं लिहून आम्हा लोकांना एका पोत्यात बांधून टाकायचे. समर्पक! आयुष्यभर वाजवणाऱ्याला हा शब्द ऐकून काय वाटतं ते ज्याने साथ केली त्याला विचारा. पण त्या आठवड्यात तो शब्दही आमच्या वाट्याला आला नाही. परीक्षण मीच घरी मोठ्याने वाचून दाखवलं, कारण आईचा हट्ट, यांचं नाव आलंय का बघ. नाव आलेलं होतं. ‘सत्तरीच्या उंबरठ्यावरही बुवांचा आवाज पांढरी दोनच्या पट्टीत सहज विहरतो, हे थक्क करणारं आहे. मात्र सखाराम यांच्या तबल्याने रंगाचा बेरंग केला आहे. ठेक्यात सतत घाई आहे, विलंबिताची लय टिकत नाही, बुवांना निवांतपणा मिळत नाही. तबल्याचा नादही पत्र्यासारखा आहे. असा साथीदार बुवांनी का चालवून घेतला, हे कोडंच म्हणावं लागेल.’

मी वाचायचा थांबलो. तात्या म्हणाले, “पुढं वाच.” पुढे देवळाचं वर्णन होतं: ‘तिसऱ्या आवर्तनात देवळातली घंटा वाजते आणि ती नेमकी बुवांच्या षड्जाला मिळते, हा दैवी योगच.’ यावर तात्यांना एकदम हसू आलं. “दैवी कसला डोंबलाचा! बुवा त्या देवळात गायला बसले की आधी उठून घंटा वाजवायचे आणि तिच्यावर तंबोरा लावायचे. ‘आधी देवाची पट्टी, मग माझी,’ म्हणायचे. घंटा काळी एकचीच आहे ती.” एवढं बोलून ते बादली घेऊन नळावर गेले. पाणी यायला अजून तासभर होता.

चार दिवसांनी मंडळाचे सचिव बापटकाका आले. चांगला माणूस, पण कुणाचंच मन मोडायचं नाही या नादात सगळ्यांचं मोडायचा. चहा घेतला, आईच्या तब्येतीची चौकशी केली, पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, “सखारामराव, यंदा पुण्यतिथीला पुण्याहून एक नवा मुलगा बोलवावा असं चाललंय. तुम्हाला तेवढाच आराम.”

“मी दमलो म्हणून कुणाला सांगितलं?” तात्यांनी विचारलं.

“तसं नाही हो. पण लोकांनी वाचलंय ना. समोर बसलेला माणूस मग तेच बघत बसतो.”

बापटकाका गेले. तात्यांनी त्या दिवशी हातोडी हातात घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी शेजारचीनेच आईला विचारलं, “भाऊ गावाला गेलेत का?” तेव्हा माझं डोकं फिरलं. मी आजही तापट आहे, लोक म्हणतात वयाने निवळेल, पण निवळायला मी काही गढूळ पाणी नाही. रविवारी उठलो आणि थेट डोंबिवलीला नेने सरांच्या घरी जाऊन बेल दाबली.

सरांनी दार उघडलं, मला आत घेतलं, बसायला सांगितलं, हे मान्य करतो. भिंतभर रेकॉर्ड होत्या, परदेशी बनावटीचा टेप होता, काकूंनी कोकम सरबत दिलं. मी म्हटलं, “सर, कॅसेट जलद आहे. बुवा काळी एकला गायचे. लय तबल्याने वाढवलेली नाही, टेपने वाढवलीये.”

“तू सखारामचा मुलगा ना?” ते म्हणाले. “हे बघ, तुझी भावना मी समजू शकतो. पण मी परीक्षण ध्वनिफितीचं केलंय, तुझ्या वडिलांचं नाही. फितीवर जे आहे ते मी लिहिलं.”

“फितीवर आहे ते खोटं आहे.”

“ते मला कसं कळावं?”

“कान आहेत ना सर?”

काकू सरबताचा ग्लास उचलायला आलेल्या, त्या तशाच मागे फिरल्या. सरांचा चेहरा लाल झाला. “कशावरून त्या दिवशी बुवा पांढरी दोनला गायले नसतील? तू होतास तिथे? तेव्हा तू पाळण्यात असशील.”

“मी नव्हतो. घंटा होती,” मी म्हटलं. “तुम्हीच लिहिलंय, घंटा बुवांच्या षड्जाला मिळाली. घंटेची पट्टी काही चढत-उतरत नाही. ती अजून देवळात आहे. चला, वाजवून बघू. टेप तुमचाच घ्या, नाहीतर म्हणाल माझाच बिघडलाय.”

त्यांना नाही म्हणता येईना, कारण घंटेचं वाक्य त्यांचं लाडकं होतं. पुढच्या रविवारी सकाळी मंडळाची सभा होतीच, ते कल्याणला येणार होते. मी तात्यांच्या भजनातली पेटी मागून नेली. तात्यांना काही सांगितलं नाही. राममंदिरात सभामंडपात आम्ही चौघं: नेने सर, बापटकाका, देवळाचा म्हातारा पुजारी आणि मी. सरांचा टेप लावला. बुवांचा षड्ज आला, त्याच्यावर घंटा वाजली. मी पेटीवर पांढरी दोन दाबली. तंतोतंत. मग टेप बंद केला आणि पुजाऱ्याला म्हटलं, “आजोबा, हाणा.” त्यांनी घंटेचा टोल दिला. मी पांढरी दोन दाबली, ती घंटेवर अशी किरकिरली की पुजाऱ्यानेही तोंड वाकडं केलं. काळी एक दाबली. मिळाली. पुन्हा टेप, पुन्हा घंटा. तीन वेळा केलं.

“घंटा मधल्या काळात बदलली असेल,” सर म्हणाले.

पुजारी म्हणाला, “माझ्या आज्यापासून हीच हाये. देवाची घंटा काय सायकलची घंटी हाये बदलायला?”

मग बापटकाका मटकन पायरीवर बसले आणि खरं काय ते बोलले. बुवांचा ख्याल कॅसेटच्या एका बाजूत बसत नव्हता. दोन मिनिटं जास्त होत होती. कॉपी करून देणारा म्हणाला, थोडं कापा. शिष्यांची सभा झाली. कुठली तान कापायची? हा म्हणे ही नको, तो म्हणे ती नको. बुवांचा एक सूर कापायचा म्हणजे पाप. शेवटी कॉपीवाल्यानेच मार्ग काढला. म्हणाला, कॉपी करताना कॅसेट जरा सावकाश फिरवतो, सगळं मावेल. सावकाश फिरवून भरलेली कॅसेट साध्या टेपवर जलद वाजणार, हे त्या तेरा शिष्यांपैकी एकालाही सुचलं नाही, किंवा सुचलं आणि गप्प बसले. एकही सूर कापायला नको म्हणून त्यांनी बुवांचा प्रत्येक सूर बिघडवला. वर दोष कुणाच्या माथी? ज्याचं आडनावही छापलं नव्हतं त्याच्या.

आता मी जोरात होतो. आईबरोबर बाजारात जाऊन एक गोष्ट शिकलेलो, पहिला भाव समोरच्याला बोलू द्यायचा. मी विचारलं, “सर, दुरुस्ती किती ओळींची छापता?”

“दोन ओळी. ‘तांत्रिक कारणाने लय जलद वाटते, वाचकांनी नोंद घ्यावी.’”

“बारा. त्याच पानावर, त्याच टाईपात. तात्यांचं पूर्ण नाव. आणि ‘वाटते’ नाही, ‘आहे’.”

“बारा ओळी मी बुवांनाही एका रागाला देत नाही.”

“चंद्राला देता की.”

पुजारी फुटाणे खात ऐकत होता, त्याला हसू आवरेना. आठ ओळींवर आलो. सर कबूल झालेसे दिसले, आणि तेवढ्यात बापटकाकांनी माझा हात धरून मला दीपमाळेपाशी नेलं. “दत्ता, बाळा, ऐक. हे छापलं तर लोक काय म्हणतील? शिष्यांनीच गुरूचं गाणं बिघडवून विकलं म्हणतील. सत्तरीत पांढरी दोन गायले हे सगळ्या डोंबिवलीत पसरलंय, आता ते खोटं होतं म्हणून सांगायचं? बुवांच्या नावाला बट्टा. त्यापेक्षा असं कर, छापायचं राहू दे. पुण्यतिथीला तुझे वडीलच बसतील.”

“यंदाच?”

“दरवर्षी.”

“जोवर हात चालतो तोवर?”

“जोवर हात चालतो तोवर.”

“आणि आमंत्रणपत्रिकेवर पूर्ण नाव, गाणाऱ्याच्या नावाएवढ्याच टाईपात.”

काका म्हणाले, “दिलं.”

मी हात पुढे केला. एकोणीस वर्षांचा होतो, मला वाटलं मी दोघांना लोळवलं. आठ ओळी आज वाचून उद्या त्यात भजी बांधतात, जागा कायमची. सभामंडपात परत आल्यावर काकांनी सौदा सांगितला, तेव्हा नेने सर माझ्या पाठीवर थोपटून म्हणाले, “हुशार आहेस. व्यापारात जा.” गेलोच. आयुष्यात मी शेकडो सौदे केले. कळव्यात पत्र्याच्या शेडमध्ये वाद्यांचा कारखाना टाकला, मिरजेच्या कारागिरांशी, मुंबईच्या दलालांशी झुंजलो, कुणी मला फसवलं नाही. फसलो एकदाच, आणि तो सौदा माझ्या स्वतःच्या तोंडून झाला.

घरी आलो तेव्हा तात्या पाटावर बसलेले, आई पिठलं वाढत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. घंटा, पेटी, पुजारी, पत्रिकेवरचा टाईप. आईचा चेहरा फुलला. “पोरानं आणली हो जागा परत.” तात्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला.

“आणि ते छापलेलं?”

“ते राहू दे ना तात्या. जागा मिळाली की.”

“जागेचं काय, मी चटईवर पण वाजवतो,” ते म्हणाले. “तू ते वाक्य पुसायला गेलेलास ना?”

“लोक विसरतील हो.”

“लोक विसरतात. कागद कुठं विसरतो?” मग आईला म्हणाले, “मिरची दे.” त्यावर आमच्यात पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

पुण्यतिथीला पत्रिकेवर नाव आलं, ठरल्याप्रमाणे मोठ्या टाईपात. तात्यांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला. बुवांचे थोरले शिष्य गाणार होते. तंबोरे लागले, तबला लागला, आणि सुरुवात करण्याआधी ते शिष्य तात्यांकडे वाकून म्हणाले, “सखारामभाऊ, लय जरा सांभाळा हं.” मी पहिल्या रांगेत होतो, मला ऐकू आलं. तात्यांनी मान हलवली. पुढे दीड तास मी तबला ऐकलाच नाही, मी माणसं बघत होतो. डोंबिवलीची ती सुशिक्षित मंडळी मांडीवर बोटांनी मात्रा मोजत होती. कधी नव्हे ते सगळ्यांची नजर गवयावर नसून तबल्यावर होती. चोरी केलेला माणूस पुन्हा दुकानात शिरला की मालक बघतो ना, तसे. तात्यांचा ठेका खिळ्याने ठोकल्यासारखा जागच्या जागी होता. संपल्यावर सोन्याच्या काड्यांचा चष्मा घातलेले एक गृहस्थ मुद्दाम पुढे आले, तात्यांचा हात हातात घेतला आणि प्रेमाने म्हणाले, “आज छान सांभाळलंत. आज अजिबात घाई नव्हती.”

तात्यांनी हात जोडले. 

पुढच्या वर्षी बापटकाकांचा निरोप आला तेव्हा तात्यांनी हात दुखतो म्हणून कळवलं. हात दुखत नव्हता. त्याच आठवड्यात कोपरीच्या भजनात त्यांनी चार तास पखवाज वाजवला. पण गवयाच्या साथीला ते पुन्हा कधीच बसले नाहीत. सौदा होता जोवर हात चालतो तोवर. हात शेवटपर्यंत चालत होता.

बऱ्याच वर्षांनी, तात्या गेल्यावर, नेने सरांच्या परीक्षणांचं पुस्तक निघणार असं कळलं. माझं दुकान तेव्हा चांगलं चालत होतं, बोलण्यात वजन आलेलं. मी पुन्हा डोंबिवलीला गेलो. सर थकलेले होते, पण मला ओळखलं. मी म्हटलं, “सर, आता तरी ते वाक्य काढा. तुम्ही स्वतः घंटा ऐकलीये.” ते म्हणाले, “दत्ता, सौदा तू केलेलास. मी फक्त शब्द पाळला.” मला त्यांना काय वाट्टेल ते बोलायचं होतं, बोललोही. पण जिना उतरताना माझी मलाच लाज वाटत होती. पुस्तक निघालं, वाक्य तसंच होतं. दुसरी आवृत्तीही निघाली. माझ्याकडे दोन्ही आहेत, विकत घेतलेल्या.

तर आता त्या कॅसेटचं परीक्षण मी करतो. चंद्र-चांदणं मला जमत नाही, पण मी वाजवणारा आहे आणि तुम्ही वाचताय ते हे पुस्तक माझं आहे, इथे ओळींवरून कुणाशी घासाघीस नाही. माझ्या मुलीने कॉम्प्युटरवर ते गाणं उतरवून घंटेच्या पट्टीला आणून दिलं, तेव्हा मी दुकान बंद करून ते दोनदा ऐकलं. बुवांचा आवाज वयाने जाड झालेला आहे, वरच्या षड्जावर थरथरतो, आणि पांढरी दोनच्या त्या खोट्या तारुण्यापेक्षा कितीतरी चांगला वाटतो. तानांत दोनदा दम कमी पडतो. पेटी गरजेपेक्षा जास्त बोलते. तबल्याला सखाराम धोंडिबा जगदाळे, फिटर, राहणार कोपरी. विलंबिताची जी लय बुवांनी पहिल्या आवर्तनात दिली, तीच शेवटच्या आवर्तनात आहे. मी घड्याळ लावून बघितलं. द्रुतात एका ठिकाणी, बुवा सरगम घेताना, तबला केसभर पुढे जातो. तात्या उंबऱ्यावर उभे असते तर त्यांनी ‘पळालास’ म्हटलं असतं, म्हणून तेही लिहितो. दोन आवर्तनांत तो परत जागेवर येतो. ती जागा सोडली तर लय कुठेही हललेली नाही.